डीपीजवळचं घर आणि विसराळूपणा : आधी काय तपासायचं, मग काय मोजायचं

इचलकरंजीत वायरमन ट्रेड शिकवत माझं आयुष्य गेलं. निवृत्त झालो तरी गल्लीच्या लेखी मी अजून सरच, आणि कुणाच्या बोर्डातून धूर आला की पहिला फोन मला येतो. अलीकडे मात्र फोनवरचा प्रश्न बदललाय. "सर, आईला हल्ली काही ध्यानात राहत नाही. दारासमोर डीपी आहे. त्याचं काही असेल का?" डीपी म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आणि त्याची पेटी. कुणाच्या गच्चीशेजारून अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन गेलेली असते, कुणाच्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे बिल्डिंगची मीटर पेटी असते, कुणाची बायको वर्षानुवर्षं मोटारीच्या शिलाई मशीनवर बसलेली असते.

माझं उत्तर ठरलेलं आहे. ही कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी करायची. आठवणीचं काम डॉक्टरकडे, तारांचं काम वायरमनकडे. पहिलं याच आठवड्यात, दुसरं सवडीनं. क्रम उलटा झाला की डीपी हलवायच्या अर्जामागे सहा महिने जातात आणि आईचं बी-१२ तपासायचं राहूनच जातं.

डॉक्टरकडे जाताना

एका कागदावर लिहून न्या. तोंडी सांगायला गेलं की आई समोर बसलेली असते, मुलगा ओशाळतो आणि "तसं काही विशेष नाही" म्हणून मोकळा होतो.

पहिलं, कधीपासून. "हल्ली" हे उत्तर डॉक्टरच्या कामाचं नाही. गेल्या दिवाळीला चकलीची भाजणी आईनं स्वतः मापानं काढली होती का? गौरी-गणपतीला आलेल्या पाहुण्यांची नावं तिला आठवत होती का? सणाला धरून मागं गेलं की महिना बरोबर सापडतो.

दुसरं, नेमकं काय विसरतं. चष्मा कुठं ठेवला ते न आठवणं हे माझंही रोजचं आहे. पण जन्मभर केलेल्या आमटीची कृती मध्येच तुटणं, पेन्शनच्या पैशाचा हिशेब न लागणं, रोजच्या देवळाहून परत येताना वाट चुकणं, असं काही घडलं असेल तर ते घडलं तसं लिहा. आपलं निदान जोडू नका.

तिसरं, गोळ्या. नावं लिहीत बसण्यापेक्षा सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेची गोळी आणि सर्दीवरच्या काही झोप आणणाऱ्या गोळ्या म्हातारपणी डोकं जड करतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर अंगातलं बी-१२ कमी होऊ शकतं. अ‍ॅसिडिटीवरच्या काही गोळ्यांचंही तसंच. त्यात माणूस शाकाहारी असेल आणि दूधही बेताचंच घेत असेल, तर बी-१२ ची तपासणी टाळायला काही कारणच उरत नाही. त्याच रक्तात थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि सोडियम पाहायचं का, ते डॉक्टरना विचारा.

चौथं, पडझड. न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलं, टेंगूळ आलं, बरं झालं, सगळे विसरले. म्हाताऱ्या माणसात अशा किरकोळ वाटणाऱ्या माराच्या कितीतरी दिवसांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं सापडतं. विसराळूपणा, झोपाळूपणा, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. वेळेत कळलं तर त्यावर इलाज आहे. आणि विसराळूपणा एका दिवसात अचानक आला असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा एक हात लुळा पडला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आमच्या गावाला एक गोष्ट जास्त लागू आहे, ती म्हणजे कान. यंत्रमागांच्या शेडमध्ये उभं राहून लोकांनी उमरी काढल्या. शेडमधला आवाज असा असतो की शेजारच्याशी कानात ओरडून बोलावं लागतं, आणि कानात बोळा घालणारा कामगार मी क्वचितच पाहिला. या लोकांचे कान हळूहळू जातात. मग घरात सून म्हणते, "मामांना दहा वेळा सांगितलं तरी आठवत नाही." मामांनी ते ऐकलेलंच नसतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, धूम्रपान, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषणही आहे. विजेच्या तारा त्या यादीत नाहीत. म्हणून मीटर विकत घेण्याआधी कानाची तपासणी करून घ्या असं मी सांगतो, आणि लोकांना ते आवडत नाही.

विजेचं क्षेत्र म्हणजे नेमकं काय

तारेत दाब असला, म्हणजे व्होल्टेज असलं, की तिच्याभोवती विद्युत क्षेत्र असतं. मग उपकरण बंद का असेना. विटांची भिंत, झाडं, छप्पर ते बरंचसं अडवतात, त्यामुळे घरात त्याची चिंता कमी. तारेतून करंट वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते भिंतीतून आरपार जातं. आपल्याकडे ते सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं. मोजायचं ते हे. एकक मायक्रोटेस्ला. जुन्या मीटरवर मिलिगॉस असतं. १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. हा दहाचा भाग विसरून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता आकडे. घरात, उपकरणांपासून दूर, ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. हेअर ड्रायर अगदी डोक्याला टेकवला तर काही प्रकारांत २००० पर्यंत जातं, पण एक फुटावर ७ च्या वर जात नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनपासून फूटभर अंतरावर ४ ते ८, फ्रीजपासून तेवढ्याच अंतरावर पाव मायक्रोटेस्लापेक्षा कमी. अतिउच्च दाबाच्या मोठ्या लाइनखाली उभं राहिलं तर जास्तीत जास्त २० च्या घरात. सर्वसामान्य माणसासाठी आयक्निर्प या आंतरराष्ट्रीय आयोगाची २०१० ची मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला आहे.

ही मर्यादा कशावरून आली हे कळलं तर निम्मी भीती जाते. खूप तीव्र क्षेत्रात डोकं ठेवलं तर डोळ्यांच्या कडेला प्रकाशाचे ठिपके लुकलुकतात. फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यांनी १८९६ मध्येच हे नोंदवलं होतं. त्याला हजारो मायक्रोटेस्ला लागतात. मज्जातंतूंवर वीजक्षेत्राचा जो परिणाम खात्रीनं दिसतो तो असा, आणि त्याच्या बराच खाली मर्यादेची रेघ मारली आहे. त्याहून पुढे, शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये डोक्याबाहेर गुंडाळी धरून चुंबकीय झटक्यानं मेंदू चाळवून हाताचा स्नायू हलवून दाखवला. आज नैराश्यावर ते उपचार म्हणून वापरतात. तो झटका एक टेस्लाच्या वर असतो, म्हणजे दहा लाख मायक्रोटेस्लाहून जास्त. चुंबकाचा मेंदूवर परिणाम होतच नाही असं म्हणणारा चूक, आणि पलंगामागच्या प्लगनं मेंदू बिघडतो म्हणणाराही चूक.

मग आठवणीवरचे प्रयोग? झालेत. न्यूझीलंडमध्ये पॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १०० मायक्रोटेस्लात माणसं बसवली, तेव्हा आधी पाहिलेलं ओळखण्याच्या चाचणीत थोडी घट दिसली. कॅनडात २०११ मध्ये त्याच्या तीसपट, ३००० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र लावून पाहिलं, तेव्हा बुद्धीच्या कामावर ठाम असा वाईट परिणाम निघाला नाही. मात्रा वाढवल्यावर परिणाम वाढायला हवा ना? तो वाढत नाही, एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. लाइनजवळच्या घरांचंही तेच. स्वित्झर्लंडमध्ये २००९ च्या अभ्यासात २२० ते ३८० केव्हीच्या लाइनपासून ५० मीटरच्या आत बरीच वर्षं राहिलेल्यांत अल्झायमरनं मृत्यू जास्त दिसले. पण त्या ५० मीटरच्या पट्ट्यातले अल्झायमरचे मृत्यू मोजून वीसच होते. डेन्मार्कनं २०१३ मध्ये तसंच तपासलं तर तिथं धोका वाढलेला दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये अल्झायमरबाबतचा पुरावा अपुरा म्हटलं. मला हे प्रामाणिक उत्तर वाटतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा प्रश्न वेगळा; त्यावरून २००२ मध्ये या क्षेत्राला "कर्करोगकारक असू शकेल" अशा गटात टाकलं गेलं. त्याच गटात पूर्व आशियातली पारंपरिक लोणचीही आहेत, हे सांगितलं की आमची ही माझ्याकडे रागानं बघते.

मोजायचं कसं

फोनमधलं फुकटचं अ‍ॅप पहिल्यांदा काढून टाका. ते फोनमधल्या होकायंत्राचा आकडा दाखवतं, आणि होकायंत्राला पृथ्वीचं चुंबकत्व कळतं. महाराष्ट्रात कुठंही उभे राहा, ४० च्या आसपास मायक्रोटेस्ला दिसेल. शेतात दिसेल, देवळात दिसेल. हे क्षेत्र स्थिर आहे, ५० हर्ट्झचं नाही. लोखंडी कपाटाजवळ नेलं की आकडा उडी मारतो आणि घरात रडारड सुरू होते.

५० हर्ट्झ मोजणारं, शक्यतो तीन दिशांचं मीटर घ्या किंवा एखाद्या आयटीआय, पॉलिटेक्निकमधल्या ओळखीच्या माणसाकडून दोन तासांसाठी आणा. एकाच दिशेचं मीटर असेल तर एकाच जागी ते तीन बाजूंना फिरवा, तीन आकडे घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. इंडक्शन शेगडीचं क्षेत्र हजारो हर्ट्झचं असतं. या मीटरनं ते नीट मोजलं जात नाही, तिथला आकडा लिहूच नका. मोबाइल टॉवर हा तर सर्वस्वी वेगळा विषय.

माणूस जिथं तासन्‌तास असतो तिथंच मोजा: उशी, देवघरापुढचा पाट, शिवणकामाची खुर्ची, टीव्हीसमोरची जागा. मीटर भिंतीला टेकवून मोठा आकडा काढण्यात काही पुरुषार्थ नाही. सकाळी गिझर चालू असताना एकदा, दुपारी एकदा, रात्री शेजारपाजारचे सगळे एसी लागलेले असताना एकदा. कागदावर जागा, वेळ, काय काय चालू होतं, आकडा. उशीपाशी सतत ०.४ च्या वर दिसलं तर कारण शोधा. ०.४ ही धोक्याची रेघ नाही. घरात एवढं नेहमी नसतं, म्हणजे काहीतरी जवळ आहे किंवा वायरिंगमध्ये काहीतरी वाकडं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

डीपीचंही एक सांगतो. लोक वरच्या अकरा केव्हीच्या तारांना घाबरतात. २०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण लोडवर वरच्या बाजूनं जेमतेम साडेदहा अँपिअर जातात, आणि खालच्या ४३३ व्होल्टच्या बाजूनं २६५ हून जास्त बाहेर पडतात. चुंबकीय क्षेत्र करंटवर ठरतं, त्यामुळे पेटीतून निघून तुमच्या भिंतीला लागून जाणारी जाड केबल जास्त महत्त्वाची. तिथून तीन-चार मीटर गेलं की आकडा किती खाली येतो ते स्वतः पाहा.

खरं घबाड : वायरिंगचा दोष

या सगळ्या मोजमापाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा आठवणीशी संबंधित नाही. तरीही तो मी आवर्जून सांगतो, कारण त्यानं जीव वाचतो.

एकट्या तारेचं क्षेत्र काढायचं सूत्र सोपं आहे: अँपिअर गुणिले ०.२, भागिले मीटरमधलं अंतर. दोन किलोवॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. तार एकटी असेल तर एक मीटरवर १.८ मायक्रोटेस्ला. पण फेज आणि न्यूट्रल शेजारीशेजारी, पाच मिलिमीटर अंतरानं असतील, तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र खाऊन टाकतात आणि उरतं ०.०१ च्याही खाली. दोनशेपट फरक. म्हणून खोलीच्या मधोमध, कुठलंही यंत्र जवळ नसताना मोठा आकडा आला तर समजा की न्यूट्रल भलत्याच वाटेनं परततोय. कधी दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो, कधी जिन्याच्या टू-वे स्विचची एक तार एका बाजूनं आणि दुसरी दुसऱ्या बाजूनं ओढलेली असते, तर कधी करंट अर्थिंगमधून किंवा नळाच्या पाइपातून चाललेला असतो.

तपासायला टाँग टेस्टर लागतो, म्हणजे तारेभोवती पकडून करंट मोजणारा चिमटा. लायसनवाल्या वायरमनला बोलवा, पेटी स्वतः उघडू नका. मेन स्विचनंतरच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र टाँगमध्ये घ्यायच्या. घरातली उपकरणं चालू असतानाही आकडा शून्य यायला हवा. शून्य आला नाही, तर जेवढा दिसेल तेवढा करंट दुसऱ्या वाटेनं पळतोय. मग एकेक एमसीबी पाडत जायचं; ज्यानं आकडा शून्य होतो ते सर्किट दोषी. मूळचं काम सुधारा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. बाजारात त्याला सर्रास ईएलसीबी म्हणतात. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, विसराळू माणसाच्या घरात तर नक्कीच. ओल्या हातानं हीटर लावला जाण्याची शक्यता तिथं जास्त.

गच्चीजवळून लाइन असेल तर मायक्रोटेस्लाआधी टेप लावून, जमिनीवरूनच, अंदाज घ्या. अकरा केव्हीच्या तारेपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं अंतर ३.७ मीटर असायलाच हवं. वरच्या मजल्याची गॅलरी पुढं काढताना हे अंतर लोक खातात, आणि मग कपडे वाळत घालायच्या लोखंडी काठीनं घात होतो.

शिलाई मशीन

सोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हेलसिंकी आणि लॉस एंजेलिसमधले अल्झायमरचे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांत पूर्वी शिवणकाम केलेली माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आढळली. मशीनच्या मोटारीवर संशय गेला. नंतरच्या अभ्यासांत कुठं दुजोरा मिळाला, कुठं नाही. आमच्याकडे कपड्यांच्या युनिटमध्ये आणि घरोघरी बायका दिवस-दिवस मशीनवर असतात, म्हणून मी हे झटकून टाकत नाही. इथं अंतर वाढवायला खर्च फार नाही. टेबलाखालची जुनी क्लच मोटार शिवण थांबली तरी फिरतच राहते, मांडीजवळ. बटण लावताना, धागा ओवताना ती बंद करा. बदलायची वेळ आली की सर्वो मोटार घ्या, ती पायडल दाबल्यावरच फिरते. वीजबिल उतरतं, आवाज उतरतो. आवाज कमी झाला हेच मला तरी जास्त मोलाचं वाटतं, कानाचं वर सांगितलंच आहे. साध्या मशीनची मोटार बहुधा उजवीकडे मागं असते; डोकं खाली घालून शिवायची सवय असेल तर दिवा चांगला लावा आणि खुर्ची उंच करा, डोकं आपोआप लांब जातं.

पलंगाचंही तेच. उशाशी एसीचा स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर असेल तर तो पायथ्याकडे न्या. इन्व्हर्टरची घूं-घूं आणि दिवा झोप मोडतात, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी ध्यानात राहत नाही. हे सांगायला मायक्रोटेस्ला लागत नाहीत.

"पण मला जाणवतं ना"

जाणवत असेल तर आंधळी चाचणी करा. लोडशेडिंगच्या दिवशी डोकं हलकं वाटलं, हा पुरावा नव्हे. त्या दिवशी टीव्ही बंद असतो, मिक्सर बंद असतो, माणसं ओट्यावर गप्पा मारत बसलेली असतात. संशय ज्या यंत्रावर आहे त्याचा दिवा काळ्या टेपनं झाका. रोज संध्याकाळी तुम्ही खोलीत यायच्या आधी नातवानं नाणं उडवायचं, छापा आला तर यंत्र चालू, काटा आला तर बंद, आणि ते आपल्या वहीत लिहून ठेवायचं. अर्ध्या तासानं त्यानं किराणा-भाजीचे बारा शब्द वाचून दाखवायचे, मध्ये दहा मिनिटं दुसरं काम, मग आठवतील तेवढे तुम्ही सांगायचे. यादी रोज नवी हवी, नाहीतर सरावानंच गुण वाढतात. यंत्र चालू होतं की बंद, याचा तुमचा अंदाजही लिहून ठेवा. महिनाभरानं दोन्ही वह्या शेजारी मांडा. प्रयोगशाळेत अशा चाचण्या पुष्कळ झाल्यात. ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास खरा असतो, पण क्षेत्र चालू आहे की बंद हे त्यांना ओळखता येत नाही.

आणि क्षेत्र "शोषून घेणारे" स्टिकर, तांब्याच्या पट्ट्या, मीटर पेटीवर ठेवायचे दगड यांवर एक रुपयाही घालवू नका. स्टिकर लावायच्या आधी आणि नंतर त्याच जागी मीटर धरा, विक्रेत्यासमोरच.

मोजमापात काही वावगं सापडलं तर वीज कंपनीच्या उपविभागाकडे अर्ज करा. त्यात "रेडिएशनमुळे आईची स्मृती गेली" असं लिहू नका. तो अर्ज तिथंच पडून राहील. पोल नंबर, डीपीचा नंबर, तारेपासून गॅलरीचं अंतर, केबल उघडी पडली असेल तर तिचा फोटो, अर्थिंगची पट्टी तुटली असेल तर तिचा फोटो, असं लिहा आणि पोच घ्या. हिवाळ्यात मोजलं असेल तर एप्रिल-मेमध्ये रात्री दहाला पुन्हा मोजा, तेव्हा लोड सगळ्यात जास्त असतो.